तिसरी टोचणी

कर्णबधिर मुलांच्या शाळेत बाईचं तोंड हेच पुस्तक असतं. मुलं फळ्याकडे कमी आणि बाईच्या ओठांकडे जास्त बघतात. म्हणून ज्या सकाळी पहिलीच्या बाईचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला, त्या सकाळी सगळ्या वर्गाचं गणित चुकलं. ती 'पाणी' म्हणत होती. आठही मुलांनी आपापले ओठ फुगवले आणि अगदी मन लावून तसंच 'पाणी' म्हटलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. तिनं तर वरचा ओठ दोन बोटांनी बाहेर ओढून धरला. आजचा धडाच असा आहे, असं तिला वाटलं असावं.

बाईला आधी हसू आलं. मग तिनं खडू ठेवला आणि प्रसाधनगृहात जाऊन दार लावून घेतलं.

अंगावर पित्त उठायला लागून तोवर दोन महिने झाले होते. सुरुवात पोटऱ्यांपासून झाली. चपट्या, लालसर, कडेनं उंच अशा गांधी उठायच्या, खाजून खाजून जीव नकोसा करायच्या आणि संध्याकाळपर्यंत मागमूसही न ठेवता विरून जायच्या. दुसऱ्या दिवशी पाठीवर. तिसऱ्या दिवशी पोटावर, जिथं परकराची नाडी काचते तिथं. डॉक्टरांकडे जाईपर्यंत कातडी अशी साळसूद व्हायची की दाखवायचं काय, हाच प्रश्न पडे.

जितकी तोंडं तितकी कारणं निघाली. आत्या म्हणाली, आंबट सोड. शाळेतल्या शिपाईमावशी म्हणाल्या, अंडी आणि मासे सोड. तिचा नवरा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट खणांत घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावला आणि एकेक पदार्थ खोडायला घेतला. दूध गेलं, शेंगदाणे गेले, टोमॅटो गेले. अंगाला लावायचा साबण बदलला, कपड्यांचा बदलला, उशीतला कापूस बदलला. तिचं वजन चार किलोंनी घटलं. पित्त काही तसूभर हटलं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की थोडा आराम पडे आणि वर्गात डोळे मिटायला लागत.

खोडण्यासारखं कागदावर काही उरलं नाही, तेव्हा त्या दोघांचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं.

मागच्या खोलीत तिचे वडील काम करायचे. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले ते आपली हत्यारं घेऊनच. लाकडी सामानाला पॉलिश करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. यंत्रानं फवारायचं पॉलिश नव्हे. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, कापसाचा गोळा जुन्या मऊ कापडात बांधून त्याची पुरचुंडी करायची आणि ती गोल गोल फिरवत एकावर एक पातळ थर चढवायचे. एका टेबलाला दहा-बारा दिवस लागत. त्यांनी पॉलिश केलेल्या कपाटात चेहरा बघून माणसं केस विंचरत, म्हणून बाजारात त्यांना आरसेमिस्त्री म्हणत. बोटांची टोकं कायमची तपकिरी. अंगाला, कपड्यांना, टॉवेलला स्पिरिटचा वास. तिला लहानपणापासून तो वास म्हणजे बाबा घरी आहेत एवढंच माहीत होतं.

त्या ओठ सुजलेल्या दिवशी ती दुपारीच घरी आली. वाटेत डावी पापणीही फुगली. मागच्या खोलीत एका मोठ्या जेवणाच्या टेबलाची फळी आडवी टाकली होती, दार उघडं होतं, वास नेहमीपेक्षा उग्र होता. ती उंबऱ्यात उभी राहिली. एका डोळ्यानं तिला बाबांचा हात फळीवर फिरताना दिसत होता.

ती म्हणाली, "बाबा, हे बंद करा. तुमच्या या कामानंच माझं अंग उठतंय."

पुरचुंडी चालू असताना फळीवर मध्येच थांबवायची नसते. थांबवली की ती चिकटते आणि खाली डाग पडतो, तो निघता निघत नाही. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. बाबांचा हात थांबला. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, पुरचुंडी सोडवून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि खिडकी उघडली. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लांब्याकाका टेम्पो घेऊन आला. हा बाबांचा जुना जोडीदार. सुतार, ताडमाड उंच, बाजारात त्याचं फर्निचरचं दुकान. त्यानं डाग पडलेली फळी नेली, बाटल्या, लाखेचा डबा, पुरचुंड्या, सगळं नेलं. पुढच्या रविवारी नवऱ्यानं खोलीला रंग दिला. वास भिंतीत मुरलेला असतो, जायला वेळ लागतो, असं तो म्हणाला, आणि तिलाही ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटत होतं.

महिना गेला, तीन गेले, सहा गेले. भिंतींना रंगाचासुद्धा वास येईना. गांधी उठतच राहिल्या.

त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पॉलिशचा दोष नव्हता असं म्हणायचं, तर मग बाबांना घरी बसवलं ते कशासाठी, या प्रश्नाला तोंड द्यायला हवं होतं. तेवढी हिंमत दोघांतही नव्हती. मागच्या खोलीत हळूहळू नवऱ्याची खोकी आली, मोडका पाळणा आला, इस्त्रीचं टेबल आलं. बाबा पुढच्या खोलीत बसू लागले. मटार सोलायचे, ताटं पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची. जेवताना त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून मागं-पुढं फिरत राही. बोटं पार गोरी झाली होती. तिला ते हात बघवत नसत, म्हणून ती वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची.

आठव्या महिन्यात शाळेच्या तपासणीसाठी अधिकारी यायच्या आदल्या दिवशी तिचा चेहरा पुन्हा सुजला. यावेळी जीभही जड झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला रिक्षात घातलं आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या त्वचाविभागात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सूज उतरवली, मग पहिल्यांदाच कोणीतरी तिला शांतपणे सगळं विचारलं. किती दिवस? एक गांध किती तास टिकते? दाबलेल्या जागी उठते का? काय खाता, हे मात्र त्यांनी शेवटी आणि सहजच विचारलं. थायरॉइडसाठी रक्त घेतलं. म्हणाल्या, एक चाचणी करून बघू, पण तिच्याआधी पाच दिवस खाज थांबवणाऱ्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतील. जमेल का? तोंडात सूज आली किंवा श्वास लागला तर मात्र चाचणी गेली खड्ड्यात, लगेच इथं यायचं.

ते पाच दिवस तिनं घरी काढले. नवऱ्याला रजा नव्हती. दिवसभर ती आणि बाबा. तिसऱ्या दिवशी तर मानेपासून घोट्यापर्यंत कातडीवर बोट ठेवायला जागा नव्हती. गांधींना गांधी मिळून नकाशे झाले होते. नखं लागू नयेत म्हणून तिनं हातात मोजे घातले. बाबा पातेल्यात गार पाणी घेऊन बसले होते. एक फडकं पिळायचं, तिच्या पाठीवर पसरायचं, ते तापलं की दुसरं. चाळीस वर्षं पुरचुंडी फिरवलेला तो हात इतका हलका पडे की कधी पडला आणि कधी उचलला, तिला कळत नसे.

मध्येच त्यांनी विचारलं, "पोरी, वास अजून येतो का गं माझ्या अंगाला?"

तिनं उशीत तोंड खुपसून नाही म्हटलं.

"माझं ते लोकरीचं जाकीट आहे ना, ते काल मी टाकून दिलं. त्यात राहिला असेल, असं वाटलं."

 

चाचणीच्या दिवशी बाबाच बरोबर गेले. एका परिचारिकेनं तिच्या दंडातून रक्त काढलं आणि ते यंत्रात घालून गरगर फिरवलं. लाल भाग तळाशी बसला, वर फिकट पिवळं पाणी राहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर, कोपराच्या खाली, कातडीत तीन ठिकाणी अगदी बारीक सुईनं टोचलं. पहिल्या जागी नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या जागी हिस्टामिन, म्हणजे ज्यानं पित्त उठतं तोच पदार्थ. आणि तिसऱ्या जागी तिच्याच रक्तातलं ते पिवळं पाणी. म्हणाल्या, आता अर्धा तास हात हलवू नका.

बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते. कामाकडे बघायची सवय असलेला माणूस, त्यांनी हातावरची नजर काढली नाही. मिठाच्या पाण्याची जागा पाच मिनिटांत सपाट झाली. हिस्टामिनची अपेक्षेप्रमाणे फुगली. तिसरी थोडा वेळ गप्प होती. मग तिच्या कडा लाल झाल्या, मधला भाग पांढुरका होऊन वर आला, आणि अर्ध्या तासानं तिथं नाण्याएवढी, ओळखीची, खाजरी गांध उठलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीनं मोजून लिहून घेतलं. तिनं विचारलं, म्हणजे मला कशाची ॲलर्जी आहे?

"बाहेरच्या कशाचीच नाही, असं दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "कातडीखाली रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. सगळ्यांच्या असतात. त्या राखणीचं काम करतात. त्यांच्या पोटात बारीक दाणे भरलेले असतात आणि दाण्यांत हिस्टामिन. जंत शिरला, विष शिरलं की त्या दाणे फोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, तीच ही सूज. मग मागून रक्तातल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात, म्हणून ते लवकर निवत नाही. तुमच्या बाबतीत शत्रू कोणी आलेलाच नाही. तुमच्याच रक्तात अशी काही प्रतिद्रव्यं तयार झाली असावीत, जी जाऊन या पेशींना डिवचतात. पेशी बिचाऱ्या आपलं काम करतात."

तिनं विचारलं, पण हे सुरू कशानं झालं? त्या म्हणाल्या, खरं सांगायचं तर पुष्कळदा ते कोणालाच सांगता येत नाही. ही चाचणीही सगळं सांगत नाही, फक्त बोट दाखवते. मग त्यांनी कागद बघत सहज विचारलं, घरात कोणी कसलं रसायन वगैरे वापरतं का, तुम्ही पहिल्या दिवशी काहीतरी म्हणाला होतात.

बाबा दोन हातांवर होते. तिनं सांगितलं, वडील पॉलिशचं काम करायचे, स्पिरिटचा वास असायचा, म्हणून आठ महिन्यांपूर्वी बंद केलं.

"बंद केल्यावर फरक पडला?"

"नाही."

"मग त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. त्यांच्यासाठी ती एक रकाना भरण्याची बाब होती. आधी गोळीचा डोस चौपट करू, तेवढ्यानं भागलं नाही तर महिन्याला एक इंजेक्शन देऊ, त्यानं पेशींना डिवचणं कमी होतं, असं त्या सांगत राहिल्या. तिला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "बरी होईल ना ती?"

"बऱ्याच जणांचं काही वर्षांनी आपोआप थांबतं," त्या म्हणाल्या. "तोवर आवरून धरू."

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या आणि मागच्या खोलीचं दार उघडून नुसते उभे राहिले. आत खोकी होती. ती त्यांच्या मागं जाऊन थांबली.

"बाबा, चुकलं माझं."

ते वळले नाहीत. "आजारी होतीस तू."

"तरीपण."

मग ते बोलले. आवाज चढलेला नव्हता, पण तिनं तो आवाज आजवर कधी ऐकला नव्हता. "तू मला विचारलं नाहीस. सांगितलंस. विचारलं असतंस तरी मी बंदच केलं असतं, त्याच मिनिटाला केलं असतं. पण विचारायला हवं होतंस. आठ महिने मी या घरात असा वावरलो, की जणू रोज थोडं थोडं विष घालून मीच माझ्या पोरीला मारत होतो." त्यांनी दार लोटून घेतलं. "रोज सकाळी तुझ्या अंगावर नवी गांध दिसली की वाटायचं, अजून माझंच काहीतरी राहिलंय."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. रात्री जेवले, ताट पुसून ठेवलं. नवऱ्यानं भिंतीवरचा कागद काढून टाकला. दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत न जाता त्यानं मागच्या खोलीतली सगळी खोकी माळ्यावर चढवली. बाबांनी ते पाहिलं. म्हणाले, उगीच कशाला, मोकळी खोली धूळच खाते.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती लांब्याकाकाकडे गेली. तिला हत्यारं परत हवी होती. तो रंधा मारत होता. तिचं बोलणं ऐकून त्यानं रंधा बाजूला ठेवला, आत जाऊन एक पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यासमोर ठेवली. आतलं सगळं जसंच्या तसं होतं. फक्त लाखेचा डबा संपला होता.

"लाख तेवढी वापरली, बाकी कशाला हात लावला नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाताची पुरचुंडी आपल्याला वळत नाही. पण तुला एक सांगू का? तो दर बुधवारी येतो."

"कोण? बाबा?"

"समोर त्या बसथांब्यावर उभा राहतो. पाऊण तास, तासभर. मी म्हणतो, आत ये, चहा घे. येत नाही. इथला वास कपड्यांना लागेल म्हणतो, घरी पोरीला त्रास होईल." लांब्याकाकानं मान दुसरीकडे वळवली. "नवा पोऱ्या पॉलिश करायला बसला की तिथनं हातानं खुणा करतो. असं नाही, असं. जास्त दाबू नको. पोऱ्याला आधी वाटायचं, वेडा आहे कोणी."

ती पेटी न घेताच परत निघाली. दर बुधवारी बाबा वाचनालयात जातो म्हणून सांगायचे. पुस्तक कधी आणत नसत. आठ महिन्यांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं की कुठलं पुस्तक.

चौपट गोळ्यांनी फारसं भागलं नाही. इंजेक्शन सुरू झालं. पहिल्या महिन्यात काही कळलं नाही, दुसऱ्यात गांधी विरळ झाल्या, तिसऱ्या इंजेक्शननंतर एक संपूर्ण आठवडा असा गेला की तिच्या अंगावर एक डागही उठला नाही. वर्गात चिमणीनं पहिल्यांदा 'पाणी' स्पष्ट म्हटलं, निदान बाईला तरी स्पष्ट वाटलं. घरी येऊन तिनं दोन्ही हात बाबांपुढे धरले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, एखाद्या फळीची घडण बघावी तसे, आणि बरं झालं म्हणाले.

त्याच आठवड्यात ते लांब्याकाकाच्या दुकानात गेले. आत गेले. घरची खोली रिकामी आहे, तिथंच काम करा, असं तिनं चार वेळा सांगून पाहिलं. नवऱ्यानं हात धरून सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. "घरात नको आता," एवढंच. पहिल्या दिवशी त्यांना पॉलिशला एक छोटी खुर्ची दिली होती. लांब्याकाका नंतर तिला म्हणाला, हात काही विसरलेला नाही, पण दर थोड्या वेळानं तो मध्येच थांबतो, पुरचुंडी उचलून दाराकडे बघतो, आणि मग पुन्हा लावतो. जाईल हळूहळू.

आता ते रोज जातात आणि साडेसहाला घरी येतात. दुकानामागं एक नळ आहे. घरी निघण्याआधी ते तिथं साबण लावून अंघोळ करतात, कामाचा शर्ट तिथंच खुंटीला ठेवतात आणि पिशवीतला धुतलेला घालून येतात. त्यांच्या अंगाला कसलाही वास येत नाही. तिनं एकदा सांगितलं, बाबा, अहो याची गरज नाही, डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं. ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केस ओले. ही सवय म्हणायची, काळजी म्हणायची, की तिला भोगायला लावलेली शिक्षा, हे तिला ठरवता येईना. एकदा तिनं जवळजवळ विचारलंच होतं. मग उत्तराची भीती वाटली.

थंडी सुरू झाली. ओल्या केसांनी बसमध्ये बसून त्यांना खोकला लागला. डॉक्टरांचं औषध झालं, काढा झाला, तरी ते नळाखाली बसायचे थांबेनात. तेव्हा ती बाजारात गेली, एक जाड टॉवेल आणि एक कानटोपी घेतली आणि लांब्याकाकाच्या दुकानात नेली. बाबा आत एका दाराच्या फळीवर वाकले होते. तिनं त्यांना हाक मारली नाही. टॉवेल नळाजवळच्या खुंटीला अडकवला, कानटोपी त्यावर ठेवली आणि शाळेची वेळ होत आली म्हणून निघाली.